मंत्रचळ

जादूगारानं टोपीतून ससा काढला की माणसं टाळ्या वाजवतात. टोपीत आज एकूण ससे किती, काढलेल्या सशाच्या जागी दुसरा भरायला किती तास झोप घ्यावी लागते, आणि ससा काढता काढता कोणी कोपरानं ढोसलं तर तो ससा फुकट गेला असं धरायचं की नाही, हे प्रश्न कोणी विचारत नाही. मी विचारतो. गेली पंचवीसेक वर्षं विचारतो आहे. यावरून माझा स्वभाव चिकित्सक आहे असा तुमचा समज झाला असेल तर तो खुशाल राहू द्या, पण खरं कारण निराळं आहे. मी उभा जन्म विमा कंपनीच्या अंडररायटिंग खात्यात काढला, आणि संगणकावरचे मायावी युद्धांचे खेळ ही माझ्या मते त्याच खात्याची एक शाखा आहे.

हे मी गमतीनं म्हणत नाही. या सगळ्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे १९७४ साली अमेरिकेत छापला गेलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तो संगणकावरचा नव्हे. चार टाळकी कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसायची आणि आपण शूरवीर आहोत असं समजायची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. पैकी गायगॅक्स हा पूर्वी शिकागोला विमा कंपनीत अंडररायटर होता! नोकरी सुटल्यावर काही काळ त्यानं जोडे दुरुस्त केले आणि मग तो राक्षसांकडे वळला. हे वाचलं तेव्हा मी "तरीच!" असं इतक्या मोठ्यानं म्हणालो की सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. कारण त्याच्या खेळात तक्तेच तक्ते आहेत. कोणत्या पातळीच्या, कोणत्या पेशाच्या माणसाला कोणत्या संकटातून वाचायला फाशावर किती पडले पाहिजेत? विषबाधेचा रकाना वेगळा, दगड होण्याचा वेगळा, ड्रॅगनच्या फुत्काराचा वेगळा. आमच्याकडे आग, चोरी आणि अपघात असे रकाने असत. एवढाच काय तो फरक.

माझी या विद्येशी गाठ घालून दिली ती आमच्या भाच्यानं. १९९९ साली दहावीची परीक्षा देऊन तो सुट्टीला आमच्याकडे आला, तेव्हा कोणाकडून तरी मागून आणलेल्या पाच सीड्या आणि माहितीपुस्तकाची जाडजूड झेरॉक्स एवढं सामान बरोबर होतं. कपड्यांची पिशवी गाडीत राहिली होती. खेळाचं नाव 'बाल्डर्स गेट'. तो आदल्याच वर्षी निघालेला, कॅनडातल्या एडमंटन गावच्या बायोवेअर कंपनीचा. ही कंपनी काढणारी मंडळी पेशानं डॉक्टर. आता डॉक्टर आणि विमावाले एकत्र आले की काय होतं हे तुम्हांआम्हांला ठाऊक आहे: फॉर्म भरावा लागतो. या खेळातही पहिला तासभर फॉर्मच भरायचा. नाव, लिंग, वंश, पेशा. नीतिमत्तेला नऊ पर्याय! आमच्या कंपनीच्या फॉर्ममध्ये नीतिमत्तेचा रकानाच नव्हता. असता तर बराच धंदा बुडाला असता. मग शक्ती, बुद्धी, चपळाई यांसाठी फासे टाकायचे, आणि बेरीज पसंत नसेल तर पुन्हा टाकायचे. भाचा दुपारभर जन्म घेत होता आणि पसंत न पडून परत जात होता.

आता नियमांकडे येतो. इथे परीक्षकानं निर्दय व्हायला हवं.

या जुन्या खेळात 'थॅको' नावाचा एक आकडा आहे. शून्य दर्जाचं चिलखत घातलेल्या माणसाला तुमचा वार लागायला वीस पैलूंच्या फाशावर किमान किती पडले पाहिजेत, तो तुमचा थॅको. समजा तुमचा थॅको वीस आणि समोरच्याचं चिलखत पाच. वीसातून पाच गेले, राहिले पंधरा. पंधरा किंवा अधिक पडले तर वार लागला. इथपर्यंत ठीक. पण चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं. उघड्या अंगाचा माणूस दहा, पत्र्याच्या चिलखताचा तीन, त्यापुढं शून्य आणि शून्याच्या खाली उणे. आणि 'अधिक एक' अशी जादू असलेलं चिलखत अंगावर चढवलं की आकडा एकानं उतरतो! म्हणजे अधिक म्हणजे उणे, आणि उणे वजा केलं की पुन्हा अधिक. आर्नेसन सांगत असे की चिलखताची कल्पना त्यानं जहाजांच्या लढाईच्या खेळातून उचलली. ते एकदा कळलं की डोक्यात प्रकाश पडतो. आपल्या रेल्वेत नाही का, पहिला वर्ग दुसऱ्या वर्गाच्या वरचा? राक्षसाशी लढताना आपण प्लॅटफॉर्मवर उभे आहोत असं समजायचं.

उलट्या वजाबाकीबद्दल माझी तक्रार नाही. उलटी झाली तरी ती वजाबाकीच आहे, आणि मूळ खेळाच्या कर्त्यांनीही २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ती काढून टाकली. तक्रार आहे ती शिकवण्याच्या रीतीबद्दल. टेबलावरच्या खेळात हिशेब माणूस करतो, त्यामुळे नियम बोटांतून डोक्यात जातो. संगणकावर हिशेब यंत्र करतं. खालच्या पट्टीत फक्त निकाल उमटतो: बारा पडले, वार हुकला. बारा का पुरले नाहीत? झेरॉक्स बघा. झेरॉक्सचं नेमकं ते पान काळं आलेलं.

मग खेळ शिकवतो कसा? मारून. सुरुवातीच्या मठात लुटुपुटीचे दोनचार धडे होतात, त्या रात्री तुम्हांला वाढवणारा म्हातारा डोळ्यांदेखत मारला जातो, आणि सांगितलं जातं की 'फ्रेंडली आर्म' नावाच्या खाणावळीत जा, तिथे आपली माणसं भेटतील. नाव बघा: स्नेहाचा हात! दमूनभागून खाणावळीच्या पायऱ्यांशी पोचावं तर तिथे टार्नेश नावाचा एक गृहस्थ अदबीनं चौकशी करतो, आणि ओळख पटल्याबरोबर मंत्र म्हणायला लागतो. पहिल्या मंत्रानं त्याच्या स्वतःच्या छाया उभ्या राहतात. वार करावा तो छायेवर. दुसऱ्या मंत्रानं तुमची माणसं घाबरून सैरावैरा पळतात. तिसऱ्यात तुम्ही मरता. पहिल्या पातळीच्या जादूगाराच्या अंगात प्राण तो किती? चारसहा आकड्यांचा. आमच्या शेजाऱ्यांच्या मांजराला आला असता तर त्यांनी विमा उतरवला नसता.

त्या पायऱ्यांवर आम्ही मामा-भाचे अकरा वेळा मेलो. बाराव्या खेपेला भाचा म्हणाला, "मामा, तो मंत्र म्हणत असतानाच त्याला दगड मारला तर?" आणि इतका वेळ न सांगितलेला नियम उघडा पडला. मंत्र पुरा होण्याआधी म्हणणाऱ्याला इजा झाली की मंत्र फुकट जातो. हे काम आपल्याकडचे राक्षस ऋषींच्या यज्ञात हाडं टाकून करत आले आहेत. आम्ही रामायण ऐकलेली माणसं, पण बाजू कायम ऋषींची घेतलेली. त्या दिवशी प्रथमच राक्षसांची युद्धनीती समजली. टार्नेश पडला तेव्हा भाच्यानं खुर्चीवर उभं राहून आरोळी ठोकली. कबूल करायला हवं की कुठल्याही माहितीपुस्तकानं तो नियम इतका पक्का शिकवला नसता. तरी अकरा मरणं ही फी जास्तच.

पण या साऱ्या अडगळीत एक नियम असा आहे की ज्यासाठी मी बाकी सगळं माफ करतो. जादूगाराला सकाळी ठरवावं लागतं की आज कोणते मंत्र पाठ करायचे, आणि मंत्र एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो. झोपून उठेपर्यंत तो पुन्हा येत नाही. तोच मंत्र दोनदा लागेल असं वाटत असेल तर दोनदा पाठ करायचा. ही कल्पना गायगॅक्सनं जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकावरून घेतली. पुढं या खेळात व्हेक्ना नावाचा एक महादुष्ट मांत्रिक आला, त्याचं नाव म्हणजे व्हान्सचीच इंग्रजी अक्षरं उलटसुलट केलेली. उपकार फेडण्याची ही पद्धत मला आवडली. माझ्या काही साहेबांची नावं अशी फिरवून ठेवावीत असं फार दिवस मनात आहे.

अनेकांना हा नियम वेडगळ वाटतो. पाठ केलेलं म्हटल्यावर कसं पुसलं जाईल? पाढे काय म्हटल्यावर विसरतात? मला तो मुळीच वेडगळ वाटत नाही, कारण आम्ही कर्णाची गोष्ट ऐकत वाढलो. इंद्राकडून मिळालेली शक्ती एकदाच वापरता येणार. ती अर्जुनासाठी राखून ठेवलेली. आणि एका रात्री घटोत्कचानं सैन्य झोडपलं तेव्हा ती त्याच्यावर खर्च करावी लागली. शिवाय परशुरामाचा शाप असा की ऐन वेळी ब्रह्मास्त्र आठवणार नाही. म्हणजे जागा एक, मंत्र एक, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये डोकं कोरं. साहसाच्या खेळातून हा नियम काढून टाका आणि काय उरतं बघा. हवा तितका अग्निबाण, हवा तितका बर्फाचा मारा: तो जादूगार नव्हे, तो अग्निशामक दलाचा नळ झाला. म्हटलेला मंत्र गेला की म्हणण्याआधी माणूस विचार करतो, आणि त्या विचारातच सगळी लढाई असते.

अर्थात विचार जास्त झाला की दुसरा आजार जडतो. आमच्या कपाटात सौभाग्यवतींच्या लग्नातला सहा कपांचा चिनी मातीचा संच अजून मूळ खोक्यात आहे. पाहुणे आले की "यांच्यासाठी कशाला, कोणी विशेष आलं की काढू." असे विशेष कोणी चाळीस वर्षांत आलेले नाहीत. तसंच भाच्याच्या जादूगाराचं. उत्तमातला मंत्र तो 'पुढं मोठा राक्षस आला तर' म्हणून राखून ठेवायचा आणि कोल्ह्याकुत्र्यांच्या हातून मंत्रासकट मरायचा.

आणि या सुंदर नियमाला खेळानं एक भोक ठेवलं आहे: झोप. रानात, भुयारात, शत्रूच्या दारात, कुठंही आठ तास आडवं व्हा. फार तर मध्येच कोणी हल्ला करील. कर्णाला ही सवलत असती तर घटोत्कचाला मारून तो छावणीत जाऊन झोपला असता आणि सकाळी नवी शक्ती घेऊन अर्जुनापुढं उभा राहिला असता. महाभारत तिथंच निकालात निघालं असतं. खर्चाचा नियम करायचा आणि भरणा फुकट ठेवायचा, याला आमच्या खात्यात वेगळं नाव होतं. ते इथं छापण्यासारखं नाही.

मधली वीस वर्षं तशीच गेली. मी निवृत्त झालो, भाचा न्यू जर्सीला स्थायिक झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये 'बाल्डर्स गेट'चा तिसरा भाग आला. तो काढला बेल्जियममधल्या गेंट गावच्या लेरियन या कंपनीनं, आणि त्याचे नियम मूळ खेळाच्या २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेले आहेत. यात चौघांपर्यंत माणसं एकत्र खेळू शकतात. तेव्हापासून दर शनिवारी त्याची सकाळ आणि माझी रात्र यांची गाठ पडते.

शिक्षक म्हणून हा खेळ पहिल्यापेक्षा फार वरचा आहे, यात वाद नाही. जुन्या खेळात पोथीवरून नवा मंत्र शिकताना अठरा बुद्धीच्या जादूगारालाही शंभरात पंच्याऐंशीच संधी. जमलं नाही तर मंत्रही नाही आणि पोथीही जळाली. जुन्या गुरूच्या घरी लाकडं फोडण्यातला प्रकार. नव्यात जादूगारानं पातळीमागे पन्नास मोहरा भरायच्या की मंत्र आला. क्लास लावल्यासारखं! जुन्यात मंत्र मोडण्याचा नियम अकरा मरणांनंतर कळला; नव्यात तो 'कॉन्सन्ट्रेशन' या नावानं पाटीवर लिहिला आहे. काही मंत्र असे की त्यांचं ध्यान धरून ठेवावं लागतं. एका वेळी ध्यान एकाच मंत्राचं. दुसरं धरलं की पहिलं सुटलं. फटका बसला तर फासा टाकायचा, आणि दहा किंवा बसलेल्या फटक्याच्या निम्मे, यांतला जो मोठा आकडा तो गाठायचा, नाहीतर ध्यान मोडलं. विश्वामित्राला फासा टाकायची सोय नव्हती, नाहीतर मेनकेला रिकाम्या हातानं परत जावं लागण्याची थोडीफार शक्यता होती.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी: ढकलणे. तलवारीचा वार ही पाळीतली मुख्य क्रिया, पण कडेला उभ्या असलेल्या शत्रूला दरीत ढकलणं ही जोडक्रिया, जाता जाता करायची. दोन शनिवार मंत्रविद्येचा अभ्यास करून आम्ही ज्या सरदाराशी झुंजत होतो, त्याला भाच्यानं तिसऱ्या शनिवारी नुसतं ढकलून दिलं. लोकल गाडीत चढण्याचा अनुभव असलेल्या माणसाला हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही.

झोपेचं भोक मात्र इथंही बुजलेलं नाही. वर पडदा लावला आहे एवढंच. मुक्काम टाकायला साध्या पातळीवर चाळीस आकड्यांची शिधासामग्री लागते. ऐकायला कडक. पण हा सगळा मुलूख इतका खाऊनपिऊन सुखी आहे की प्रत्येक पेटाऱ्यात, पिंपात, मेलेल्या राक्षसाच्या खिशात पाव, सॉसेजेस आणि चीज सापडतं. महिन्याभरात आमच्याजवळ सोसायटीचा गणपती जेवू घालता येईल एवढा शिधा साठला. मग रोज झोपा, रोज सगळे मंत्र ताजे. टंचाईचा नियम लिहायचा आणि रेशन दुकान उघडं टाकायचं! एवढ्या गुणी खेळाचा हा दोष मला सगळ्यांत मोठा वाटतो.

आणि राहिली टक्केवारी. ज्याच्यावर वार करायचा त्याच्यावर बाण नेला की आकडा दिसतो: सत्तर टक्के, पंचावन्न टक्के. थॅकोनं जे आयुष्यभर लपवलं ते इथं उघड्यावर. साध्या वाराला जास्तीत जास्त आकडा पंच्याण्णव, कारण वीस पैलूंच्या फाशावर एक पडला की कितीही शूर असा, वार हुकतोच. तरुण मंडळी यावर फार चिडतात म्हणे; पंच्याण्णव टक्के होते आणि हुकला, यंत्र लबाड आहे. मी चिडत नाही. मी तीस वर्षं तो एक पैलू सांभाळून नोकरी केली. वीस प्रस्ताव आले की एकोणीस हप्ते भरतात आणि एकाच्या घरचं कोणीतरी कागद घेऊन काउंटरवर येतं, हे मला पाठ होतं, आणि हा मंत्र म्हटल्यावर पुसला जाणारा नव्हता. २०१६ साली आमच्या भावोजींचं, म्हणजे या भाच्याच्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर सज्जन होते, कुशल होते. त्यांनी समजावून सांगितलं, पंच्याण्णव टक्के. भाचा अमेरिकेहून आला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कारण घरात टक्केवारी कळणारा माणूस मी. मी मान हलवली. आकडा चांगलाच होता. आजही कोणी विचारलं तर चांगला आहे असंच सांगेन.

या खेळात 'कर्मिक डाइस' नावाची एक सोय आहे आणि ती आपोआप चालू असते. लागोपाठ वाईट पडायला लागलं की फासे थोडे सावरून घ्यायचे, अशी ही व्यवस्था. कर्म हा शब्द बेल्जियमपर्यंत पोचला याचा आनंद आहे, पण वाटेत अर्थाला धक्का लागलेला दिसतो. आमच्या समजुतीप्रमाणे कर्म माणसाला इतकं सांभाळून घेत नाही. भाच्यानं पहिल्याच शनिवारी ती सोय बंद केली. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मागच्या शनिवारी एका तळघरात आठ भुतांनी आम्हांला घेरलं होतं. भाच्याच्या शिपायाला समोर पंच्याण्णव टक्के दिसत होते. त्यानं वार केला. एक पडला. दोन्हीकडे कोणी बोललं नाही. त्याच्याकडच्या कॉफीच्या यंत्राचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "मामा, तुमची पाळी."

माझ्या जादूगाराजवळ तिसऱ्या पातळीची एकच जागा उरली होती, आगीच्या गोळ्याची. या गोळ्याला आपला-परका कळत नाही. टप्प्यात सापडेल तो भाजतो. आणि सगळी भुतं भाच्याच्या शिपायाभोवती कोंडाळं करून उभी. मी म्हणालो, "अरे, तू मधे आहेस."

"असू दे, टाका. चपळाईचा फासा आहे माझा, लागला तर निम्मंच भाजेल."

"किती टक्के?"

"मामा, टाका."

मी टाकला. सातजण जागच्या जागी गेले, आठवा जिन्याकडे पळाला. शिपायाचा फासा चौदा पडला. निम्मा भाजला, पण उभा होता.